वस्तरा

मिटत्या मुठीत बसणाऱ्या एकधारी पात्याचे, दाढी व डोके करण्याचे हत्यार (सं. क्षुर). अथर्ववेदातील क्षौराच्या सूक्तात (६.६८) सविता (सूर्यदेव) वस्तरा घेऊन आला आहे, वायूने ऊन पाणी घेऊन यावे, असे म्हटले आहे. केस आधी भिजवायचे ही समज त्यावरून बरीच जुनी दिसते.

गावगाड्यात वस्तरा नाभिकाच्या धोकटीत (हत्यारांच्या पिशवीत) असे आणि काम बलुत्यावर चाले. सोलापूर जिल्ह्यात पंढरपूरला चंद्रभागेकाठी क्षौर करण्याची चाल आहे. नाभिक असलेल्या संत सेना महाराजांच्या नावावरील प्रसिद्ध अभंगात आरसा आणि चिमटा येतात, पण प्रचलित पाठात वस्तरा नाही.

एका वस्त्र्याने दाढी गुळगुळीत होते, दुसऱ्याने गाल चुरचुरतो. याचे श्रेय सहसा पोलादाला आणि पात्यावरच्या शिक्क्याला दिले जाते. बेंजामिन हंट्समनने सुमारे १७४० मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे मुशीतले (मुशीत वितळवून केलेले) पोलाद काढल्यापासून पात्यांना एकसारखा कस आला, हे खरेच. एक टक्का किंवा थोडा अधिक कार्बन असलेल्या पोलादाला नीट पाणी दिले (तापवून एकदम थंड करून कठीण केले) की धार बारीक बसते. गंजरोधक पोलादात क्रोमियमचे कठीण कण मोठे राहिले, तर तितकी बारीक धार काढणे अवघड जाते. तरीही एकाच कारखान्याचे दोन वस्तरे वेगळे लागतात. त्याचे कारण पात्याच्या घडणीत आणि धार लावण्यात शोधणे अधिक सयुक्तिक ठरते.

जुनी शेफील्ड पाती पाचरीसारखी, जड. पात्याच्या दोन्ही बाजू खोल कोरण्याची पद्धत साधारणतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली व जर्मनीतील झोलिंगेनने तिच्यात नाव कमावले. असे कोरलेले पाते लवचीक असते, नखाने छेडले तर वाजते, आणि केस कापला जातो आहे की नाही हे हाताला कळते. राठ, दाट दाढीवर मात्र ते थरथरते. तिथे जड पाते बरे. पाचरी पात्याला दगडावर बरेच अधिक पोलाद झिजवावे लागते, म्हणून ते बिघडले की सुधारायला वेळ खाते.

धारेचा कोन पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांवर ठरतो, कारण घासताना पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली असतात. पाठ ५ मिमी. आणि रुंदी १९ मिमी. असेल तर कोन सुमारे १५ अंश येतो. घासताना दोन्ही बाजूंना पाठ मिलिमीटरभर उचलली गेली तरी तो २१ अंशांवर जातो. असे पाते दिसायला धारदार असते, पण केस ओढते. सायकलवर चाक बसवून फिरणाऱ्या धारवाल्याकडे वस्तरा देणे त्याहून वाईट. सुरी-कात्रीला ते चाक ठीक आहे, पण वस्त्र्याची पातळ धार त्यावर क्षणात तापते, निळी पडते आणि दिलेले पाणी उतरते.

दगडानंतर वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवतात. त्याने नेमके काय होते, याबद्दल एकमत नाही. वाकलेली सूक्ष्म कड सरळ होते, असे जुने मत. चामडे स्वतःच पोलादाला अतिसूक्ष्म प्रमाणात घासून गुळगुळीत करते, असे दुसरे. सूक्ष्मदर्शकाखालील छायाचित्रे पाहता दुसऱ्या मताला अधिक आधार दिसतो. मात्र दोन्ही क्रिया एकत्र घडत असाव्यात. पट्टा ढिला धरला तर कड गोल होते, याबद्दल वाद नाही.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले, की पोलादाच्या सुमारे पन्नासपट मऊ असलेला केसही धारेचे टवके काढतो. केस वाकून तिरपा लागला आणि त्या जागी पोलादाची रचना असमान असली की हे घडते. धार केवळ झिजून बोथट होत नाही, ती तुटतेही. भिजलेला केस कापायला जोर कमी लागतो. सोलापूरसारख्या काळ्या पाषाणाच्या प्रदेशात विहिरी-बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. त्यात साबणाचा फेस नीट होत नाही, पाते अडखळते आणि दोष मात्र वस्त्र्याला लागतो.

इतर शहरांप्रमाणे सोलापूरच्या सलूनांतही आता वापरून टाकून द्यायच्या पात्याचा वस्तरा चालतो. रक्तातून पसरणाऱ्या रोगांची, विशेषतः एड्सची, धास्ती हे त्यामागचे मुख्य कारण. दुधारी पाते मधोमध मोडून अर्धे पकडीत सरकवतात. ते जेमतेम ०.१ मिमी. जाडीचे असते आणि धार कारखान्यातूनच आलेली असते, त्यामुळे दगड आणि पट्टा दोन्ही लागत नाहीत. इथे फरक पडतो तो पकडीने: पाते किती बाहेर राहते आणि किती घट्ट बसते. सैल पकडीत नवे पातेही गालावर थरथरते.