अमेरिका (स्कूनर यॉट)

अमेरिका : एकोणिसाव्या शतकातील दोन डोलकाठ्यांची, शर्यतीसाठी बांधलेली शिडाची नौका. ‘अमेरिकाज कप’ हा जगप्रसिद्ध करंडक तिच्याच नावाने ओळखला जातो.

न्यूयॉर्क यॉट क्लबचे कमोडोर (प्रमुख) जॉन कॉक्स स्टीव्हन्स आणि त्यांच्या भागीदारांसाठी विल्यम ब्राउन यांच्या गोदीत ती बांधली गेली. ३ मे १८५१ रोजी ती पाण्यात उतरली. लांबी सुमारे १०१ फूट. ठरलेली किंमत ३०,००० डॉलर होती. पण चाचणीत स्टीव्हन्स यांच्याच ‘मारिया’ या नौकेने तिला मागे टाकले आणि सौदा २०,००० वर आला.

तिचे खरे वैशिष्ट्य आराखड्यात होते. आराखडाकार जॉर्ज स्टिअर्स न्यूयॉर्कच्या पायलट-बोटी, म्हणजे बंदरात येणाऱ्या जहाजांपर्यंत वाटाड्या पोहोचवणाऱ्या बोटी, बांधत. येणाऱ्या जहाजाला जी बोट आधी गाठेल तिलाच काम मिळे, त्यामुळे त्या बोटींना वेग अत्यावश्यक होता. तेव्हाच्या इंग्रज यॉट पुढे रुंद आणि मागे निमुळत्या असत. स्टिअर्सनी नाळ (नौकेचे पुढचे टोक) धारदार, आत वळलेली ठेवली आणि रुंदी मध्याकडे नेली. डोलकाठ्या मागे कललेल्या होत्या. सुती कापडाची शिडे खालच्या दांड्याला बांधून ताणलेली असत. इंग्रजांच्या लिननच्या, सैल शिडांपेक्षा ती वाऱ्यात सपाट राहत. शौकिनांच्या खेळातला हा विजय मुळात कष्टकऱ्यांच्या बोटीचा होता, हे विसरता कामा नये.

२२ ऑगस्ट १८५१ रोजी रॉयल यॉट स्क्वाड्रन या ब्रिटिश क्लबच्या शर्यतीत तिने इंग्लंडच्या दक्षिणेकडील आइल ऑफ वाइट बेटाला प्रदक्षिणा घालून १४ ब्रिटिश नौकांना हरवले. ‘नॅब’ दीपनौकेच्या (दीपस्तंभासारखा दिवा असलेल्या, नांगरून ठेवलेल्या नौकेच्या) बाहेरून वळसा न घालता आतून, किनाऱ्याकडच्या बाजूने गेल्याबद्दल तिच्यावर आक्षेप घेतला गेला. मात्र स्पर्धकांना दिलेल्या सूचनाच एकसारख्या नव्हत्या आणि आक्षेप टिकला नाही. मिळालेला करंडक मालकांनी १८५७ मध्ये न्यूयॉर्क यॉट क्लबला आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी दिला. १८७० मध्ये पहिल्या आव्हानाच्या वेळी ती स्वतःही उतरली आणि चौथी आली. क्लबने करंडक गमावला तो थेट १९८३ मध्ये, ‘ऑस्ट्रेलिया २’कडून.

नौका मात्र विजयानंतर काही दिवसांतच इंग्लंडमध्ये विकली गेली होती. अमेरिकी यादवीत ती दक्षिणेकडील संघराज्याच्या हाती लागली. १८६२ मध्ये त्यांनी तिला फ्लोरिडात बुडवले. उत्तरेच्या नौदलाने ती वर काढून नाकेबंदीला जुंपली, पुढे प्रशिक्षणासाठी वापरली. १८७३ मध्ये यादवीत उत्तरेचे सेनानी असलेले बेंजामिन बटलर यांनी ती ५,००० डॉलरना घेतली. १९२१ मध्ये ती अ‍ॅनापोलिसच्या अमेरिकी नौदल अकादमीला भेट मिळाली. तिथे तिची हेळसांड झाली. १९४२ मध्ये बर्फाच्या भाराने तिच्यावरची शेड कोसळली आणि १९४५ मध्ये ती मोडीत काढण्यात आली.