रेल्वेचे खासगीकरण : भाडे व सेवेवरील परिणाम

सरकारी रेल्वेची मालकी, चालन किंवा दोन्ही खासगी कंपन्यांकडे सोपवणे म्हणजे रेल्वेचे खासगीकरण. या एका शब्दात अगदी भिन्न व्यवस्था मोडतात. कुठे रुळांसकट सगळे विकले जाते, कुठे रूळ सरकारकडे राहून फक्त गाड्या चालवण्याचा ठेका दिला जातो, तर कुठे सरकारी गाड्यांच्या बरोबरीने खासगी गाड्याही धावू लागतात. त्यामुळे ‘भाडे वाढते की उतरते’ याला सरसकट उत्तर नाही. भाडे कोण ठरवतो आणि तोटा कोण सोसतो, हे आधी पाहावे लागते.

ब्रिटनमध्ये १९९३च्या कायद्याने ब्रिटिश रेल या सरकारी रेल्वेची फोड झाली. रूळ व सिग्नल रेलट्रॅक या कंपनीकडे गेले, डबे भाड्याने देणाऱ्या तीन कंपन्या निघाल्या आणि गाड्या चालवण्याचे ठेके वाटले गेले. पास आणि परतीची काही तिकिटे यांच्या दरवाढीवर सरकारने मर्यादा ठेवली. १९९९पासून ही वाढ महागाई निर्देशांकाहून एक टक्का कमी असे. २००४पासून ती एक टक्का जास्त झाली. करदात्यावरचा भार प्रवाशावर सरकवण्याचा हा सरकारचाच निर्णय होता, शिव्या मात्र कंपन्यांनी खाल्ल्या. त्या अगदीच अनाठायी होत्या असेही नाही. आगाऊ तिकीट काढणाऱ्याला त्यांनी स्वस्तात नेले, पण आयत्या वेळच्या लांब पल्ल्याच्या तिकिटांवर मर्यादा नव्हती आणि ती फार महागली. दरांची गुंतागुंत तर अशी, की थेट तिकिटापेक्षा मधल्या एखाद्या स्थानकापर्यंत एक आणि तिथून पुढे दुसरे, अशी दोन तिकिटे कित्येकदा स्वस्त पडतात. प्रवासी जागचा हलतही नाही. गाडी त्या स्थानकावर थांबली म्हणजे झाले.

याच काळात प्रवासी मात्र भरपूर वाढले. १९९४-९५ मधील सुमारे ७३ कोटी फेऱ्या २०१८-१९ पर्यंत पावणेदोनशे कोटींच्या घरात गेल्या. याचे श्रेय खासगीकरणाला किती आणि वाढत्या रोजगाराला व रस्त्यांवरच्या कोंडीला किती, यावर अभ्यासकांत एकमत नाही.

जपानची गोष्ट वेगळी. तिथली राष्ट्रीय रेल्वे शेवटच्या वर्षांत जवळपास दरवर्षी भाडे वाढवत होती, तरी कर्ज ३७ लाख कोटी येनवर गेले होते. १ एप्रिल १९८७ रोजी तिच्या सहा प्रादेशिक प्रवासी कंपन्या आणि एक मालवाहू कंपनी झाली. रूळ आणि गाड्या प्रवासी कंपन्यांनी एकाच हाती ठेवले. होन्शू बेटावरील तीन कंपन्यांनी पुढची तीन दशके उपभोग करामुळे (वस्तू व सेवांच्या खरेदीवरील करामुळे) झालेली वाढ सोडल्यास मूळ भाडे वाढवले नाही. मात्र जुन्या कर्जाचा मोठा हिस्सा वेगळ्या सरकारी महामंडळावर टाकून या कंपन्यांना मोकळे केले होते. हे सोडून त्यांच्या काटकसरीचे कौतुक करणे बरोबर नाही. विरळ वस्तीच्या होक्काइदो, शिकोकू आणि क्यूशूच्या कंपन्यांनी तर १९९६मध्येच भाडी वाढवली. होक्काइदोच्या कंपनीने २०१६मध्ये जाहीर केले, की आपल्या निम्म्याच्या आसपास मार्ग आता एकटीच्या बळावर चालवणे शक्य नाही.

तोट्यातल्या मार्गांचा हाच प्रश्न अर्जेंटिनात फार निष्ठुरपणे सुटला. १९९३मध्ये केंद्र सरकारने लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्यांचा खर्च उचलणे थांबवले, बहुतेक प्रांतांनी तो घेतला नाही आणि कित्येक गावांची गाडीच गेली.

सेवेच्या दर्जात सर्वांत नाजूक जागा म्हणजे देखभाल. १७ ऑक्टोबर २००० रोजी ब्रिटनमध्ये हॅटफील्डजवळ चाकाखालचा रूळ फुटून तीनशेहून अधिक तुकडे झाले. चार जण दगावले. रुळाला भेगा असल्याचे आधीच माहीत होते, पण रेलट्रॅकने देखभाल ठेकेदारांवर सोपवली होती आणि आपल्या रुळांची नेमकी अवस्था तिच्याकडे नीट नोंदलेली नव्हती. पुढे देशभर वेगमर्यादा लागल्या, वेळापत्रक कोलमडले आणि २००२मध्ये रुळांचा ताबा ना-नफा तत्त्वावरील नेटवर्क रेलकडे गेला. तुकड्यांच्या व्यवस्थेची आणखी एक किंमत आहे : तीन मिनिटांचा उशीर झाला तरी तो कुणाच्या खात्यावर मांडायचा, हे ठरवायला माणसे नेमावी लागतात.

वक्तशीरपणाचा अतिरेकही जिवावर बेतू शकतो. २५ एप्रिल २००५ रोजी जपानमधील आमागासाकी येथे सुमारे दीड मिनिटाचा उशीर भरून काढू पाहणाऱ्या चालकाची गाडी वळणावर घसरली. चालकासह १०७ जण मेले. उशीर करणाऱ्या चालकांना ही गाडी चालवणारी कंपनी, म्हणजे होन्शूवरील त्या तीन कंपन्यांपैकी एक, अपमानास्पद ‘प्रशिक्षण’ देत असे, हे त्यानंतर चव्हाट्यावर आले.

इटलीत २०१२मध्ये सरकारी ट्रेनइटालियाशी स्पर्धा करायला इतालो ही खासगी अतिवेगवान गाडी आली. मोठ्या शहरांदरम्यान भाडी उतरली, फेऱ्या वाढल्या. पण अशी स्पर्धा गजबजलेल्या मार्गावरच टिकते. दिवसाला चार गाड्यांच्या फाट्यावर दुसरी कंपनी फिरकत नाही.

काही देशांनी पाऊल मागे घेतले. न्यूझीलंडने १९९३मध्ये विकलेली रेल्वे टप्प्याटप्प्याने परत घेतली आणि २००८मध्ये किवीरेल उभी राहिली. ब्रिटनने २०२४च्या कायद्यानुसार ठेके संपतील तसे ते सरकारकडे घ्यायला सुरुवात केली. मार्च २०२५मध्ये इंग्लंडमधील नियंत्रित भाडी ४.६ टक्क्यांनी वाढली; तीही सरकारनेच ठरवली होती.