चित्रीकरण कार्डावर आहे, पण फाइल उघडत नाही

लक्ष्मी रस्त्यावरच्या विसर्जन मिरवणुकीचे चित्रीकरण चालू असताना कॅमेऱ्याची बॅटरी निघाली किंवा धक्का लागून कार्ड सुटले. नंतर फाइल कित्येक जीबीची दिसते, पण उघडत नाही. ती रिकामी नसते, तिची अनुक्रमणिका लिहायची राहिलेली असते.

कॅमेऱ्याची फाइल बहुधा एमपी४ प्रकारची असते, आणि एमपी४ हा नुसता डबा आहे. चित्र आणि आवाज कोडेकने, म्हणजे त्यांचा आकार लहान करणाऱ्या पद्धतीने, आधी दाबलेले असतात, डबा त्यांना एकत्र ठेवतो. त्यामुळे फाइलच्या नावातले ‘एमपी४’ खोडून ‘एव्हीआय’ लिहिल्याने आत काहीही बदलत नाही. डब्यात खण असतात. खणाच्या पहिल्या ४ बाइटमध्ये त्याची लांबी, पुढच्या ४ मध्ये नाव. ‘एमडॅट’ खणात खरा माल, ‘मूव्ह’ खणात त्याचा हिशेब, म्हणजेच ती अनुक्रमणिका.

सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे सुटी चित्रे, धरली, तर तासाभरात ९०,००० फ्रेम होतात. एमडॅटमध्ये त्या एकामागोमाग ओतलेल्या असतात, अधूनमधून आवाजाचे तुकडे. कोणती फ्रेम कुठून सुरू, किती बाइटची, किती वेळ दाखवायची, हे फक्त मूव्हमध्ये. कोडेकची मांडणीही बहुधा तिथेच. बरेच कॅमेरे हा खण रेकॉर्डिंग थांबवल्यावर, सर्वांत शेवटी लिहितात. मध्येच वीज गेली की तो लिहिलाच जात नाही.

अशा वेळी कार्ड लगेच काढा आणि त्याची बाजूची खटकी ‘लॉक’कडे सरकवा. त्यावर पुन्हा चित्रीकरण नको, फॉरमॅट तर अजिबात नको. कॅमेऱ्याने ‘फाइल दुरुस्त करू का’ विचारले तरी आधी कार्डाची पूर्ण प्रत घ्या. आमच्याकडे फाइल दुरुस्तीला येताना त्याच कॅमेऱ्यावर, त्याच रिझोल्यूशन व फ्रेमरेटवर घेतलेली मिनिटभराची चांगली फाइल जरूर आणा. तिच्या मूव्हवरून कोडेकची मांडणी घेऊन आम्ही फ्रेमच्या सीमा शोधतो. सेटिंग वेगळे असेल तर चित्र फाटते किंवा आवाज मागेपुढे होतो. कॅमेऱ्याच्या मेमरीतून कार्डावर न उतरलेले शेवटचे काही सेकंद मात्र परत मिळत नाहीत, आणि ज्या जागेवर नवे चित्रीकरण झाले तिथले तर काहीच नाही.

संगणकावर ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरने कार्यक्रम रेकॉर्ड करत असाल तर एमपी४ऐवजी एमकेव्ही हा डबा निवडा. त्यात माल छोट्या गठ्ठ्यांत भरला जातो आणि प्रत्येक गठ्ठ्यावर वेळ लिहिलेली असते, म्हणून संगणक बंद पडला तरी आधीचे सगळे चालते. नंतर ‘रीमक्स’ करून एमपी४ करा. त्यात फक्त डबा बदलतो, दर्जा तसाच राहतो, आणि तासाभराच्या फाइललाही सहसा काही मिनिटेच लागतात. ‘कन्व्हर्ट’ केलेत तर चित्र नव्याने दाबले जाते आणि थोडे बिघडते.