सामाजिक संदर्भसेवा

घर, अन्न, उत्पन्न, प्रवास किंवा एकटेपणाच्या अडचणींमुळे ज्याची प्रकृती ढासळते, अशा रुग्णाला दवाखान्यातून योग्य मदतसंस्थेपर्यंत पोचवण्याची पद्धत. इंग्लंडमध्ये हिला ‘सोशल प्रिस्क्रायबिंग’ म्हणतात. दम्यावर औषध लिहून देता येते. पण रुग्णाच्या खोलीच्या भिंतींना ओल असेल, तर तो पुन्हा पुन्हा दवाखान्यात येत राहतो.

कल्पना जुनी आहे. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलने १८९५ मध्ये मेरी स्टुअर्ट यांना ‘आल्मोनर’ (रुग्णालयातील समाजसेविकेचे जुने पदनाम) नेमले ते खरे तर मोफत उपचारांना कोण पात्र आहे याची छाननी करण्यासाठी. चौकशी करता करता गरजूंना धर्मादाय संस्थांकडे पाठवणे ओघानेच आले. बॉस्टनमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी १९०५ मध्ये मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात समाजसेवेचे काम सुरू केले. आयडा कॅनन यांनी ते नावारूपाला आणले.

आता सुरुवात बहुधा छोट्या प्रश्नावलीने होते. अमेरिकेत २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘अकाउंटेबल हेल्थ कम्युनिटीज’ या सरकारी प्रयोगात घर, अन्न, प्रवास, वीज-पाण्याची बिले आणि जवळच्या माणसांपासून असलेला धोका या पाच बाबी विचारल्या जात. उत्तरांनुसार संगणकप्रणाली जवळच्या संस्था सुचवते आणि रुग्णाच्या संमतीने त्यांना निरोप धाडते. खरी मेख पुढे आहे. संस्थांची यादी भराभर शिळी होते: फोन बदलतात, निधी आटतो, पात्रतेचे नियम पालटतात. शिवाय ‘चिठ्ठी पाठवली’ म्हणजे ‘मदत मिळाली’ नव्हे. म्हणून संस्थेने काय झाले ते उलट कळवावे आणि मगच नोंद बंद व्हावी, अशी रचना चांगल्या प्रणालीत असते.

मधले अंतर माणूसच भरून काढतो. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने २०१९ च्या आराखड्यात एक हजाराहून अधिक ‘लिंक वर्कर’ नेमण्याचे ठरवले. डॉक्टरकडे नसलेला वेळ यांच्याकडे असतो. अर्ज भरून देणे, पहिल्या खेपेला सोबत जाणे, बुजलेल्या माणसाला बोलते करणे ही त्यांची कामे.

परिणाम मात्र नेहमी अपेक्षेप्रमाणे येत नाहीत. वारंवार भरती होणाऱ्या रुग्णांवर कॅम्डेन (न्यू जर्सी) येथे झालेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १८० दिवसांतील फेरभरतीचे प्रमाण मदत मिळालेल्या गटात ६२.३ टक्के, तर दुसऱ्या गटात ६१.७ टक्के होते.