प्रोस्टेट कर्करोगाच्या जनुकीय संशोधनातील रुग्णसहभाग आणि गोपनीयता

प्रोस्टेट (अष्ठीला) ग्रंथीचा कर्करोग कोणत्या जनुकीय बदलांमुळे होतो, कुटुंबात तो कसा उतरतो आणि कोणत्या रुग्णाला कोणते औषध लागू पडेल, हे शोधण्यासाठी रुग्ण आपले रक्त, लाळ, गाठीचा तुकडा आणि वैद्यकीय कागदपत्रे संशोधकांच्या हाती सोपवतात. हे कोणत्या अटींवर होते, सोपवलेल्या नमुन्यांवर नंतर कोणाचा अधिकार चालतो आणि त्यांतून देणाऱ्याची ओळख कितपत झाकलेली राहते, या प्रश्नांचा विचार या विषयात होतो.

मोठ्या संख्येने रुग्ण सहभागी झाल्याशिवाय हे संशोधन पुढे सरकत नाही. नॉर्डिक देशांतील जुळ्यांच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या कर्करोगाच्या जोखमीतील आनुवंशिक वाटा सुमारे ५७ टक्के आढळला. तो वाटा एखाद्या जनुकाचा नसून असंख्य लहानमोठ्या बदलांत विखुरलेला आहे. काही बदल कुटुंबांमुळे सापडले. एचओएक्सबी-१३ या जनुकातील जी८४ई हा बदल २०१२ मध्ये प्रकाशात आला, तो अनेक पुरुषांना हा आजार झालेल्या कुटुंबांतील ९४ रुग्णांच्या तपासणीतून. याउलट २०२३ साली जोखमीशी निगडित ४५१ जनुकीय बदलांची यादी तयार झाली, तेव्हा तिच्यामागे दीड लाखांहून अधिक रुग्णांचे नमुने होते. त्यांत युरोपीय वंशाच्या पुरुषांचेच प्रमाण मोठे होते, त्यामुळे इतर वंशांच्या पुरुषांसाठी अशा याद्यांवरून काढलेले जोखमीचे गुणांकन तितके नेमके ठरत नाही. आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत हा आजार अधिक आढळतो, आणि नेमके तेच संशोधनात कमी दिसतात.

रुग्णाकडून मिळणारा डीएनए दोन प्रकारचा असतो. गाठीतील डीएनएमध्ये त्या पेशींत नव्याने झालेले बदल दिसतात आणि ते पुढच्या पिढीत जात नाहीत. रक्तातून किंवा लाळेतून मिळणारा डीएनए मात्र जन्मापासूनचा असतो. शरीरात पसरलेला प्रोस्टेट कर्करोग असलेल्या ६९२ पुरुषांच्या एका अभ्यासात ११.८ टक्के जणांमध्ये डीएनए दुरुस्त करणाऱ्या जनुकांतील आनुवंशिक दोष आढळले, आणि त्यांत बीआरसीए-२ हे जनुक आघाडीवर होते. हा दोष रुग्णाच्या मुलीकडे उतरला असेल, तर तिला स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाची जोखीम वाढते. म्हणजे वडिलांनी सही केलेल्या संमतीपत्रातून निघालेला निष्कर्ष मुलीचे आयुष्य बदलू शकतो, आणि तिला कोणी काही विचारलेले नसते. संशोधक सहसा थेट नातेवाइकांशी संपर्क साधत नाहीत. रुग्णाला निष्कर्ष हवा आहे का हे आधी विचारले जाते, जनुकीय समुपदेशकाची मदत दिली जाते आणि घरच्यांना सांगण्याचा निर्णय त्याच्यावर सोपवला जातो. ही पद्धत रुग्णाच्या स्वायत्ततेचा मान राखते, पण या आजारातील मूत्रविकार आणि लैंगिक दुर्बलता यांविषयी घरात चकार शब्द न काढणाऱ्या पुरुषावर ती मोठाच भार टाकते.

नमुन्यांवर अधिकार कोणाचा, या प्रश्नावरचा एक गाजलेला खटला याच आजाराशी संबंधित आहे. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात मूत्ररोग शल्यचिकित्सक विल्यम कॅटलोना यांनी प्रोस्टेट कर्करोगाच्या रक्ताचे आणि ऊतींचे प्रचंड मोठे भांडार उभे केले होते. २००३ मध्ये ते दुसऱ्या विद्यापीठात गेले, तेव्हा त्यांनी सहभागी रुग्णांना पत्रे पाठवून नमुने आपल्याकडे हलवण्याची विनंती केली आणि सुमारे ६,००० जणांनी त्याला सहीनिशी होकार दिला. विद्यापीठाने दावा लावला. संमतीपत्रात सहभाग केव्हाही मागे घेता येईल असे आश्वासन होते. पण रुग्णांनी नमुने दान केलेले असून ते आता विद्यापीठाच्या मालकीचे आहेत, माघार म्हणजे यापुढे नमुने न देणे, दिलेला नमुना हव्या त्या जागी पाठवण्याचा हक्क नव्हे, असा निकाल जिल्हा न्यायालयाने २००६ मध्ये दिला. अपील न्यायालयाने २००७ मध्ये तो कायम केला आणि सर्वोच्च न्यायालयाने पुढे हस्तक्षेप केला नाही. मालमत्तेच्या कायद्याच्या दृष्टीने हा निकाल सुसंगत असेल. परंतु आपण एका डॉक्टरवर विश्वास ठेवून नमुना देत आहोत अशा समजुतीने सही करणाऱ्या रुग्णाला संमतीपत्राने मुख्य गोष्ट सांगितलीच नव्हती, असेच त्यातून दिसते. त्यानंतरच्या काळात मालकी, साठवणुकीची मुदत, व्यापारी वापर आणि माघारीचा नेमका अर्थ हे मुद्दे संमतीपत्रात स्पष्ट लिहिण्याची गरज अधिक ठळक झाली.

नाव आणि पत्ता काढून टाकला की माहिती निनावी होते, ही समजूत आता टिकत नाही. २००८ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले, की एखाद्या गटातील जनुकीय बदलांची केवळ एकत्रित प्रमाणे जाहीर केली, तरी ज्याचा डीएनए हाती आहे अशी व्यक्ती त्या गटात होती का, हे ताडता येते. आणि गट कर्करोगाच्या रुग्णांचा असेल, तर गटात असणे हेच निदान उघड करणारे ठरते. यानंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने अशी एकत्रित माहिती खुल्या संकेतस्थळांवरून हटवली. २०१३ मधील दुसरे संशोधन पुरुषांना अधिकच लागू पडणारे आहे. जेथे आडनाव वडिलांकडून मुलाकडे जाते, तेथे वाय-गुणसूत्रही (डीएनएचा फक्त पुरुषांत असणारा भाग) त्याच वाटेने जाते. हौशी वंशावळ संग्रहांतील वाय-गुणसूत्रांच्या नोंदींवरून आडनाव, त्याला वय आणि राज्य यांची जोड, एवढ्या साधनांवर सार्वजनिक जनुकीय संग्रहातील जवळपास ५० व्यक्तींची ओळख पटवली गेली. प्रोस्टेट कर्करोगाच्या संशोधनातील बहुतेक प्रत्येक नमुन्यात वाय-गुणसूत्र असल्याने हा धोका येथे अपवादात्मक म्हणता येत नाही.

म्हणून भर ओळख लपवण्यावर कमी आणि वापरावर नियंत्रण ठेवण्यावर अधिक दिला जातो. तपशीलवार जनुकीय माहिती पाहण्यासाठी संशोधकाला अर्ज करावा लागतो, ओळख शोधणार नाही असा करार करावा लागतो. काही ठिकाणी माहिती बाहेर जातच नाही, संशोधकच सुरक्षित संगणकप्रणालीत येऊन विश्लेषण करतो. कायद्याचे संरक्षण असमान आहे. युरोपीय संघाचा २०१८ पासून लागू असलेला माहिती संरक्षण नियम जनुकीय माहितीला विशेष संवेदनशील मानतो. अमेरिकेचा २००८ चा जनुकीय भेदभावविरोधी कायदा आरोग्य विमा आणि नोकरी यांपुरता आहे. आयुर्विमा, अपंगत्व विमा आणि दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा त्याच्या बाहेर राहतात, म्हणजे उतारवयातील रुग्णाला ज्यांची झळ बसेल तेच. कॅनडाने २०१७ मध्ये यापेक्षा व्यापक कायदा केला.

रुग्णांना केवळ नमुन्याचा स्रोत न मानता भागीदार मानणारे प्रकल्पही सुरू झाले आहेत. अमेरिका आणि कॅनडा येथील रुग्णांसाठी २०१८ मध्ये सुरू झालेल्या मेटास्टॅटिक (शरीरात पसरलेल्या) प्रोस्टेट कॅन्सर प्रोजेक्टमध्ये पुरुषांनी घरबसल्या नाव नोंदवले, टपालाने आलेल्या नळीत लाळ पाठवली आणि रुग्णालयातील नोंदी व साठवलेली गाठ मिळवण्याची परवानगी दिली. ओळख काढलेली माहिती सर्व संशोधकांना खुली केली गेली. मोठ्या रुग्णालयांपासून दूर राहणाऱ्यांना यामुळे वाट मिळाली. मात्र खुली झालेली माहिती परत बोलावता येत नाही. सहभागी व्यक्तीने माघार घेतली, तर तिचा उरलेला नमुना नष्ट करता येतो आणि पुढील विश्लेषणातून तिला वगळता येते, पण जे इतरत्र पोहोचले आणि ज्यावर निष्कर्ष प्रसिद्ध झाले ते तसेच राहते. पसरलेल्या कर्करोगात सहभागी व्यक्ती निष्कर्ष येण्यापूर्वीच मरण पावण्याची शक्यता असते; तेव्हा त्या निष्कर्षाची गरज मुख्यतः तिच्या मुलांना आणि भावंडांना उरते, आणि तो कोणाला सांगावा हे नोंदणीच्या वेळीच विचारून ठेवले नसेल, तर ते विचारायला कोणी शिल्लक राहत नाही.