आठवारी किल्ट, ऐंशीचा वेग

स्कॉटलंडचा रीतसर किल्ट, म्हणजे तिथल्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा घागरा, शिवायला आठ यार्ड कापड लागतं. यार्ड म्हणजेच आपला वार, तेव्हा नऊवारीपेक्षा फक्त एक वार कमी, साधारण 7.3 मीटर. आता एवढं कापड अंगावर आहे म्हटल्यावर मोटारसायकलवर अब्रू झाकायला ते पुरेल, असं कुणालाही वाटेल. पुरत नाही. कारण ते सगळं मागे असतं आणि वारा येतो पुढून.

किल्टची बांधणी पाहिली की हे लगेच कळतं. पुढे दोन सपाट पदर एकावर एक येतात, आतला आणि वरचा. वरचा पदर उजव्या बाजूला संपतो आणि तिथे कमरेशी चामड्याच्या पट्ट्यांनी बांधतात. हे दोन पदर झाले की उरलेलं बहुतेक कापड पंचवीस-तीस निऱ्यांमध्ये दुमडून पाठीमागे बसवलेलं असतं. कमरेचा घेर एक मीटर धरा. दोन पदरांत मिळून सुमारे एक मीटर कापड गेलं, राहिलेलं सहा मीटरच्या वर कापड मागच्या अर्ध्या मीटरमध्ये. म्हणजे पुढे दोन थर आणि मागे दहा-बारा. डोंगरावर चालताना, पाठीवर गार वारा घेत मेंढ्यांमागे फिरताना ही वाटणी उत्तम. गाडीवर नेमकी उलटी हवी होती.

किती उलटी, ते आकड्यात बघू. किल्टचं जड लोकरी कापड 'सोळा औंसी' म्हणून ओळखतात. सुमारे 1.4 मीटर पन्ह्याच्या एका वाराचं ते वजन असतं. हिशेब केला तर चौरस मीटरला साधारण 350 ग्रॅम. हे कापड आडवं धरलं तर त्याच्या वजनाचा खालच्या बाजूला पडणारा दाब भरतो 3.4 पास्कल. आता वाऱ्याचा दाब: हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. उलटं गणित मांडलं तर 3.4 पास्कल दाबाला वाऱ्याचा वेग लागतो ताशी 9 किलोमीटरहूनही कमी. पुढचे दोन थर धरले तरी 12. सायकलवरचा पोस्टमनसुद्धा याहून जोरात जातो.

पुढे वेगाचा वर्ग आपलं काम करतो. ताशी 50 ला हा दाब 116 पास्कल होतो, 80 ला जवळजवळ 300, आणि ब्रिटनच्या मोटरवेवर जी कमाल मर्यादा आहे, ताशी 70 मैल म्हणजे 112 किलोमीटर, तिथे 590 च्या घरात. वादळं मोजायची बोफोर्ट श्रेणी घेतली तर वारा पडलेल्या दिवशी 80 च्या वेगाने जाणारा चालक नवव्या पायरीच्या वादळात बसलेला असतो. त्या पायरीला घरांची कौलं निसटू लागतात. किल्टला कौलाइतकंही वजन नाही.

बरं, वारा नुसता ढकलत नाही, आत शिरतो. गाडीवर बसलं की गुडघे टाकीच्या दोन बाजूंना जातात, मांड्या फाकतात आणि पुढचा पदर दोन्ही मांड्यांवर तंबूसारखा ताणला जातो. या तंबूचं तोंड बरोबर वाऱ्याकडे. टाकी आणि मांडी यांच्यामधल्या फटीतून हवा आत घुसते, मागे निऱ्यांवर माणूस बसलेला असल्याने तिला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून आतला दाब वाढतो. त्याच वेळी पदराच्या वरून, मांडीच्या गोलाईवरून जाणारी हवा वेग घेते आणि तिथला दाब घटतो. खालून ढकल, वरून ओढ. कोकणात वादळात पत्रे उडतात ते याच जोडीमुळे. फरक इतकाच, की पत्रा उडाला तर लोक मदतीला धावतात.

यावर किल्टवाल्यांचा ठरलेला उपाय म्हणजे स्पॉरन, कमरेपुढे साखळीने लटकवलेला चामड्याचा बटवा. तो पदर दाबून धरेल अशी समजूत असते. वाऱ्यात सापडणारा पदराचा भाग हातरुमालाएवढा, एक दशांश चौरस मीटर धरू. स्पॉरन 300 ग्रॅमचा. बटवा आणि पदर यांचं वजन मिळून झेपणारा वेग ताशी 25 ते 30. पुढे 50 ला वारा सव्वा किलोच्या जोराने उचलतो, 80 ला तीन किलोच्या, 112 ला सहा किलोच्या. हे कमाल आकडे. हँडल, दिवा आणि टाकी थोडा वारा अडवतात. तरी हिशेब काही बटव्याच्या बाजूने झुकत नाही. शिवाय त्या बटव्याला धातूची कड असते आणि ती टाकीवर घासते. निघताना चकचकीत असलेली टाकी परत येताना ओरखडे घेऊन येते.

किल्टची पिन तर याहून केविलवाणी. ती वरच्या पदराच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात लावतात, तीही फक्त वरच्या पदराला. वीस-तीस ग्रॅमच्या पिनेने वादळ थांबत नाही. मग काहीजण शक्कल लढवून ती दोन्ही पदरांतून आरपार टोचतात. ही चूक हमखास महागात पडते, कारण गाडीवर टांग टाकायच्या क्षणी दोन पदर एकमेकांवरून सरकावे लागतात. पिन सरकू देत नाही, पण लोकर फाटते. राणी एलिझाबेथच्या पोशाखाच्या काठात छोटी वजनं शिवलेली असत म्हणतात. बागेतल्या झुळुकीला ती युक्ती चालते. ऐंशीच्या वेगाला काठात तीन किलो शिसं शिवावं लागेल, आणि ते गुडघ्यावर आपटेल ते वेगळंच.

टांग टाकणं हा स्वतंत्र प्रयोग आहे. गाडी साइड स्टँडवर डावीकडे कललेली, चढायचं डावीकडून, वर जाणार तो उजवा पाय. किल्टची उघडी कडही उजवीकडेच! सीटची उंची 80 सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे बहुतेकांच्या मांडीच्या वरपर्यंत. ब्रिटनमध्ये आपल्यासारखंच डावीकडून वाहतूक चालते, त्यामुळे फुटपाथवरची मंडळी चालकाच्या बरोबर मागे येतात. त्यांच्यापुरता त्या जुन्या प्रश्नाचा, किल्टच्या आत काय असतं याचा, निकाल तिथेच लागतो. उपाय सोपा आहे: पाय मागून गोल फिरवायचा नाही. उजवा गुडघा छातीशी घेऊन सीटवरून पुढच्या पुढे पलीकडे न्यायचा आणि तेवढा वेळ उजव्या हाताने पदराची कड मांडीशी धरायची. सीट बुटकी असेल तर सहज जमतं. उंच गाडीवर जमत नाही. मग आतून जाड चड्डी हाच उपाय. पायाभोवती गुंडाळायच्या लांब नाड्यांचे पारंपरिक बूट असतील तर त्या नाड्या आधी आत खोचाव्यात, नाहीतर गिअरच्या पट्टीत अडकतात आणि पहिल्या सिग्नलला डावा पाय जमिनीवर येतच नाही.

बसायची रीत मात्र जपून पाळावी. बसता बसता तळहाताच्या मागच्या बाजूने निऱ्या एका झटक्यात खाली सपाट करायच्या आणि त्यांच्यावर बसायचं. दहा-बारा थरांची सेंटीमीटरभर गादी होते आणि माणसाचं सगळं वजन तिच्यावर पडतं. त्या मग कुठे जात नाहीत. निऱ्या मागे फुलल्या आणि मागच्या सीटवरून लोंबल्या, तर पुढचा मुक्काम मागचं चाक किंवा चेन. हा विनोदाचा भाग नाही. आपल्याकडे पदर आणि ओढण्या चाकात जातात म्हणून 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, नियम 123 मध्ये, मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झाकणारं संरक्षण सांगितलं आहे. आपण त्याला साडीगार्ड म्हणतो. स्कॉटलंडमध्ये किल्टगार्ड नाही.

निऱ्या बसल्या की पुढचा पदर दोन्ही मांड्यांच्या मधून खाली दाबायचा, सीटपर्यंत, आणि मग गुडघे टाकीला लावायचे. असं केलं की तंबूचं तोंड मिटतं आणि हवा भरायला पिशवीच उरत नाही. नऊवारीचा काष्टा नेमकं हेच करतो, आणि कितीतरी पक्कं. कापड पायांमधून मागे जाऊन खोचलं जातं, दोन पाय वेगळे होतात, वाऱ्याला शिरायला पोकळी मिळत नाही. गुढीपाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत नथ-फेट्यासह बुलेट चालवणाऱ्या बायकांचं नऊवार जागचं हलत नाही, यात नशिबाचा भाग नाही, भूमितीचा आहे. तो एक जास्तीचा वार स्कॉटिश शिंप्यांनी वाचवला नसता तर बरं झालं असतं.

पदर नीट दाबला तरी काठ फडफडतो. मोकळ्या टोकाचं कापड वाऱ्यात ठरावीक वेगापुढे झेंड्यासारखं लाटा मारू लागतं; कापड जड आणि ताठ असेल तर जरा उशिरा. दुकानांत पर्यटकांसाठी मिळणारे हलके पॉलिस्टर मिश्रणाचे किल्ट त्यामुळे लवकर फडफडतात आणि उघड्या मांडीवर चाबकासारखे बसतात. त्यांचा दुसरा दोष जास्त वाईट. पॉलिस्टर 250-260 अंशांना वितळतं, आणि इंजिनातून निघणाऱ्या नळीचं तापमान त्याहून बरंच वर जातं. लोकर वितळत नाही, करपते आणि केस जळल्याचा वास सोडते. पोटरीला सायलेन्सरचा चटका बसला की काय होतं ते मराठी वाचकाला समजवायला नको. गुडघ्याखालपर्यंत ओढलेले जाड लोकरी मोजे तिथे खरंच कामाला येतात.

थंडीचं गणितही दोन ओळींत उरकतं. हवा 10 अंश, वेग ताशी 96, म्हणजे तिथल्या साध्या दुपदरी रस्त्याची कमाल मर्यादा. वाऱ्याच्या गारठ्याचं प्रचलित सूत्र लावलं तर उघड्या कातडीला ते सुमारे 4 अंशांसारखं लागतं. रेडिएटरमागून येणारी गरम हवा किल्टमध्ये शिरते तेव्हा मात्र चिमणीसारखी छान ऊब मिळते, आणि कुठल्याच पँटला हे सुख नाही. गाडी थांबली की हायलँड्सच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, चिलटांची पाळी. ती जरा वाऱ्यातही उडू शकत नाहीत, त्यामुळे चालत्या गाडीला त्यांचा उपद्रव नाही. पेट्रोल भरताना असतो.

पडल्यावर काय, याला विनोदी उत्तर नाही. ताशी 50 ने पडलेला माणूस डांबरावर साधारण 16 मीटर घसरतो आणि उघडा गुडघा त्यातला मीटरभरही झेपत नाही. ब्रिटनच्या कायद्याला हेल्मेट हवं, पँटची सक्ती नाही. म्हणून ज्यांना खरोखर लांब जायचं असतं ते आतून गुडघ्याला पॅड असलेली चामड्याची किंवा जाड विणीची चालकाची तुमान घालतात आणि वरून किल्ट. दिसायला चमत्कारिक, पण पदर उडाला तरी बातमी होत नाही. स्कूटर असेल तर आणखी उत्तम: टांग टाकायची गरज नाही, पुढचं लेगशील्ड वारा अडवतं, गुडघे जवळ राहतात. किल्टसाठीच बनवल्यासारखं वाहन, पण किल्ट घालणाऱ्याला बहुतेकदा मोठीच गाडी हवी असते.

मुक्कामी उतरल्यावर पाठीमागून जे दिसतं त्याचा दोष लोकरीच्या रसायनशास्त्राचा. कोरडी लोकर आकार बदलायला हट्टी असते, पण ओलसर झाली की तिच्यातले हायड्रोजन बंध सैल पडतात आणि दाबाखाली ज्या घडीत असेल तीच घडी धरते. दोन तास घाम, ऊब आणि सत्तर किलो वजन म्हणजे चालकाने बसल्या बसल्या स्वतःच इस्त्री फिरवली, फक्त निऱ्या वाकड्या ठेवून. सोडवायचं तेही ओलावा आणि उष्णतेनेच. निऱ्या एकेक करून जागी लावून सैल टाके घालायचे, वर ओला पंचा, आणि त्यावरून गरम इस्त्री न घासता नुसती दाबायची. निवेपर्यंत हलवायचं नाही. तीस निऱ्यांना तास तरी जातो.