बेरजेची पेटी

एका तालमीत मी केलेला एक जुगाड अजून आठवतो. कीबोर्ड आणि इलेक्ट्रिक गिटार, दोन्ही एकाच स्पीकरला जोडायचे होते आणि स्पीकरला सॉकेट एकच होतं. माझ्याकडे वाय आकाराची केबल होती. तिची दोन टोकं दोन वाद्यांत खुपसली, तिसरं स्पीकरमध्ये, आणि झालं काम असं मानून बाजूला झालो. कीबोर्ड वाजला. गिटार मात्र कुठेतरी लांब, भिंतीपलीकडे वाजत असल्यासारखी. मग गिटारवाल्याने सूर लावायला आवाजाचा नॉब शून्यावर नेला, आणि कीबोर्डही गप्प झाला!

दोन सुटे नळ एका पाइपात सोडावेत तसे दोन आवाज एका तारेत सोडता येतील, असं मी धरून चाललो होतो. पण वाद्याचं आउटपुट हे एकेरी दार नसतं. कीबोर्डच्या आउटपुटला आतून काहीशे ओहमांचा रोध असतो, तर गिटारच्या पिकअपमधल्या (तारांची थरथर विजेत बदलणाऱ्या भागातल्या) कॉइलचा सहासात हजार ओहम. गिटारच्या अशक्त विजेला स्पीकरकडे जाण्यापेक्षा कीबोर्डच्या पोटात शिरणं सोपं पडलं, आणि तिचा जेमतेम पंधरावा हिस्सा पुढे पोचला. उलट, गिटारचा नॉब शून्यावर नेला की तिच्या जॅकचं टोक सरळ अर्थला जोडलं जातं. कीबोर्डची सगळी वीज त्या भोकातून निघून गेली.

चारसहा चॅनलचा, म्हणजे तितक्या वाद्यांना किंवा माईकना वेगळी वाट देणारा, छोटा मिक्सर हेच काम बिनबोभाट करतो, कारण तो आवाज एकमेकांत मिसळत नाही, त्यांची बेरीज करतो. ती करताना कुठल्याही वाद्याला शेजारी दुसरं वाद्य आहे याचा पत्ताही लागू देत नाही.

ते कसं, यासाठी एक टाकी डोळ्यांसमोर आणा. तिच्यात पाचसहा नळ सुटले आहेत, आणि तळाशी एक पंप आहे. जेवढं पाणी येईल तेवढं तो त्याच क्षणी उपसतो, त्यामुळे टाकीची पातळी कधी वाढतच नाही. पातळी वाढत नाही म्हणून एका नळाचा दाब दुसऱ्याला जाणवत नाही. आणि पंप किती उपसतोय हे मोजलं, की सगळ्या नळांची बेरीज आयती हातात! मिक्सरमध्ये नळांच्या जागी प्रत्येक चॅनलचा एकेक रोध असतो आणि पंपाच्या जागी एक ॲम्प्लिफायर. सगळे रोध जिथे भेटतात तो बिंदू हा ॲम्प्लिफायर सतत शून्य व्होल्टवर धरून ठेवतो.

हे मंडल गाण्याबजावण्यासाठी जन्माला आलेलं नाही. बेल लॅब्जमधल्या कार्ल स्वार्टझेल यांनी १९४१ साली अशा बेरीज करणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या पेटंटसाठी अर्ज केला, तो विमानवेधी तोफांचा नेम काढणाऱ्या यंत्रासाठी. उडत्या विमानाचं अंतर, कोन, वेग हे सगळं व्होल्टेजच्या रूपात घेऊन त्यांचं गणित तिथल्या तिथे करायचं होतं. पुढे १९४७ मध्ये जॉन रागाझिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मंडलांना ‘ऑपरेशनल ॲम्प्लिफायर’ म्हटलं. त्यातलं ऑपरेशन म्हणजे गणिती क्रिया. आज मिक्सरच्या बोर्डावर आठ पायांचे जे काळे किडे, म्हणजे चिपा, दिसतात, त्यांतले बरेचसे याच घराण्यातले.

शाळेत अपूर्णांकांची बेरीज करताना आधी छेद समान करावे लागायचे, आणि खरी दमछाक तिथेच व्हायची. मिक्सरचंही तसंच आहे. बेरीज करणारा भाग छोटासा असतो. बाकीची बहुतेक बटणं छेद समान करण्यासाठी आहेत.

गायकाचा माईक घ्या. शूर कंपनीचा एसएम ५८ हा १९६६ पासून चालत आलेला माईक बहुतेकांनी कधी ना कधी हातात धरलेला असतो. आवाजाचा दाब एक पास्कल, म्हणजे ९४ डेसिबल, असताना तो सुमारे १.८५ मिलिव्होल्ट देतो. स्टुडिओतल्या यंत्रांच्या आपापसातल्या बोलण्याची ठरलेली पातळी मात्र १.२३ व्होल्ट आहे. म्हणजे माईकचा आवाज साडेसहाशे पटींहून अधिक वाढवल्याशिवाय तो या पंगतीत बसूच शकत नाही. डेसिबलच्या भाषेत हे अंतर ५६. (व्होल्टेज दुप्पट म्हणजे ६ डेसिबल, दहापट म्हणजे २०, हजारपट म्हणजे ६०. एवढं पाठ असलं की मिक्सरवरचे बहुतेक आकडे वाचता येतात.) कीबोर्डला एवढा रेटा लागत नाही, तो आधीच व्होल्टच्या आसपास बोलत असतो. कीबोर्ड चुकून माईकच्या सॉकेटात गेला की कर्कश फाटका आवाज का येतो, त्याचं उत्तर यातच आहे.

हा रेटा देणारा नॉब म्हणजे चॅनलच्या अगदी वरचा गेन. नवखा माणूस त्याच्याकडे दुर्लक्ष करतो आणि आवाज कमी वाटला की खालचा फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, वर ढकलतो. आवाज वाढतो खरा, पण सोबत ‘स्स्स’ अशी सुसकारही वाढते. गंमत अशी की तिची सुरुवात माईकच्या तारेतच होते. खोलीच्या तापमानाला तारेतले इलेक्ट्रॉन स्वस्थ बसत नाहीत, त्यांची चुळबुळ चालू असते आणि तिचं स्वतःचं इवलंसं व्होल्टेज तयार होतं. १९२८ मध्ये जॉन जॉन्सन यांनी हे मोजलं आणि हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचं गणित मांडलं. माईकच्या १५० ओहमांसाठी आपल्या कानांच्या पट्ट्यात ते येतं सुमारे ०.२२ मायक्रोव्होल्ट. याच्या खाली कुणालाच जाता येत नाही, कितीही महागडं यंत्र आणा. पण पुढचा प्रत्येक टप्पा आपली स्वतःची सुसकार त्यात घालत जातो, आणि ती टाळता येते. आवाज पहिल्याच टप्प्यात मोठा करून घेतला, तर पुढच्यांची कुरबुर त्याच्या तुलनेत नगण्य राहते. गेनमध्ये काटकसर केली आणि फेडरवर भरपाई केली, तर आवाजाबरोबर सगळ्यांची कुरबुरही मोठी होते.

मग गेन पूर्णच का फिरवू नये? कारण ॲम्प्लिफायरला वीज मिळते ती साधारण अधिकउणे पंधरा व्होल्टची. लाट त्याहून उंच जाऊ पाहते तेव्हा तिचा शेंडा छाटला जातो आणि गोलसर डोंगराचं पठार होतं. त्या पठाराच्या कडांमधून मूळ सुरात नसलेले वरचे स्वर बाहेर पडतात. फाटलेला आवाज म्हणतात तो हाच, आणि तो एकदा फाटला की खालच्या फेडरने शिवता येत नाही. मी गेन लावताना गायकाला सगळ्यात चढी ओळ म्हणायला सांगतो. लाल दिवा लुकलुकेपर्यंत नॉब उजवीकडे नेतो, आणि तिथून बोटभर मागे. त्यावरही आणखी थोडा मागे, कारण साउंड चेकला सगळे सभ्यपणे गातात, समोर माणसं बसली की तोच गळा दीडपट चढतो.

माईकची केबल तीन पिनांची का असते, हा प्रश्न लोक सहसा विचारत नाहीत. उत्तर मात्र देखणं आहे: बेरीज करणारी ही पेटी आधी एक वजाबाकी करते. एक पिन अर्थची. उरलेल्या दोन तारांपैकी एकीवर आवाज सुलटा असतो, दुसरीवर उलटा. समजा एकीवर अधिक ५ आणि दुसरीवर उणे ५ आहे. वाटेत शेजारच्या विजेच्या वायरमुळे दोन्ही तारांना सारखाच ३ चा डाग लागला. आता झाले ८ आणि उणे २. मिक्सर पहिल्यातून दुसरं वजा करतो: ८ वजा उणे २, बरोबर १०. डाग गेला, आवाज तेवढाच शाबूत. दोन मिलिव्होल्टसारखा नाजूक आवाज पन्नास मीटर केबलमधून धडधाकट येतो तो याच युक्तीने. फँटम पॉवर नावाचे ४८ व्होल्टही याच दोन तारांवरून उलट दिशेने, बाहेरून वीज लागणाऱ्या कंडेन्सर माईकला पोसायला जातात. दोन्ही तारांवर ते सारखेच असल्याने वजाबाकीत आपोआप उडतात, ऐकू येत नाहीत. एसएम ५८ सारख्या साध्या माईकला त्यांचा काही त्रास नाही. आत धातूची पातळ फीत असलेल्या जुन्या रिबन माईकला मात्र बटण दाबण्याआधी दूर ठेवा.

इलेक्ट्रिक गिटारचं दुखणं वेगळं आहे, तिला आवाज वाढवण्यापेक्षा हलका हात हवा असतो. तिच्या कॉइलची प्रेरकता, म्हणजे वेगाने बदलणाऱ्या विजेला अडवण्याचा गुण, सुमारे ३ हेन्री धरली तर खर्जातल्या १०० हर्ट्झला ती फारशी आड येत नाही, पण ३००० हर्ट्झला तीच कॉइल पन्नास हजार ओहमांहून मोठा अडसर होते. मिक्सरचं साधं लाइन इनपुट दहा हजार ओहमांचं. त्यात गिटार खुपसली, तर खालच्या सुरांचं निम्म्याहून जास्त व्होल्टेज पोचतं आणि वरच्या सुरांचं जेमतेम सहावा हिस्सा. तारेची झळाळी गेली, उरली घोंगडीखालची गिटार. म्हणून काही चॅनलांवर दहा लाख ओहमांचं इनपुट देणारं, गिटारचं चित्र असलेलं बटण असतं. नसेल तर मधे डीआय बॉक्स, म्हणजे हेच काम करणारी छोटी पेटी, लावायचा.

टोनच्या नॉबांवर मी फार वेळ घालवणार नाही. पण खालचे सूर कापणारं ‘लो कट’ बटण गाणाऱ्या माईकवर दाबूनच ठेवावं असं माझं मत आहे. बहुतेक गळे ८० हर्ट्झच्या खाली जातच नाहीत. त्याखाली असतात ते स्टेजवरचे पाय, स्टँडला लागलेले धक्के आणि ‘प’ म्हणताना निघालेली फुंकर.

आता खुद्द बेरजेकडे. एक अधिक एक किती, याला इथे एकच उत्तर नाही. तोच आवाज दोन चॅनलांतून तंतोतंत सारखा आला, तर दोन, म्हणजे ६ डेसिबल वाढ. दोन वेगळी माणसं तितक्याच जोरात गायली, तर त्यांच्या लाटा कधी जुळतात, कधी नाही. उत्तर येतं सुमारे १.४, म्हणजे ३ डेसिबल. आणि एकच गळा दोन माईकनी वेगवेगळ्या अंतरावरून टिपला, तर काही सुरांसाठी उत्तर चक्क शून्याच्या जवळ जातं.

हे शेवटचं घरी करून पाहता येतं. दोन माईक घ्या, एक तोंडाजवळ, दुसरा त्याहून ३४ सेंटिमीटर लांब, आणि लांबच्या माईकचा गेन वाढवून दोन्ही सारखे करा. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे दुसऱ्या माईकपाशी तो एक मिलिसेकंद उशिरा पोचतो. ५०० हर्ट्झच्या सुरासाठी एक मिलिसेकंद म्हणजे बरोबर अर्धी लाट: एकाचा शेंडा तिथे दुसऱ्याचा खड्डा. तो सूर पुसला जातो. तसाच १५००, तसाच २५००, कंगव्याच्या दातांसारख्या फटी. मधला १००० मात्र दुप्पट होतो. ऐकायला ते पाइपातून बोलल्यासारखं लागतं, आणि माणूस बिचारा टोनचे नॉब फिरवत बसतो. उपाय टोनमध्ये नाहीच. गायकापासून त्याचा माईक जितका लांब, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माईकमध्ये ठेवायचं. मग परका आवाज इतका क्षीण पोचतो की फटी भरून निघतात.

बेरजेचं उत्तर पुन्हा बेरजेतच शिरलं की काय होतं, ते सगळ्यांनी ऐकलेलं आहे. माईक, मिक्सर, स्पीकर, खोली, परत माईक. समजा, एका सुराचा निम्मा आवाज लाट जुळवून माईककडे परत येतो. मग १ अधिक अर्धा, अधिक पाव, अधिक अष्टमांश. बेरीज २ पाशी थांबते. दहातले नऊ भाग परत आले तर ती १० पर्यंत चढते. अशा वेळी तो सूर खोलीत रेंगाळतो आणि अनुभवी माणूस तेवढ्यावरून सावध होतो. परतीचा आवाज मूळच्या बरोबरीला आला की मालिका थांबतच नाही, आणि माईक किंचाळतो. डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ सोरेन लार्सेन यांच्या नावावरून याला लार्सेन परिणाम म्हणतात. उघड्या माईकची संख्या दुप्पट केली की किंकाळीपर्यंतचं अंतर साधारण ३ डेसिबलने घटतं. म्हणून ज्या माईकवर कुणी गात नाही त्याचा फेडर खाली. त्याने सुसकारही कमी होते.

ती वाय केबल अजून माझ्या पिशवीत आहे, फक्त आता ती उलटी वापरतो. मिक्सरच्या एका आउटपुटमधून स्पीकर आणि रेकॉर्डर, दोघांनाही आवाज द्यायचा असतो तेव्हा. दोघांची इनपुटं दहा-दहा हजार ओहमांची, मिळून झाली पाच हजार, आणि मिक्सरच्या काहीशे ओहमांच्या आउटपुटला त्याचं काहीच ओझं होत नाही.